तेलसंकट आणि पर्यायी इंधनाचा शोध : अमेरिका, ब्राझील व दक्षिण आफ्रिका यांच्या धोरणांचा तुलनात्मक अभ्यास (१९७३ ते १९९०)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आंतरराष्ट्रीय राजकारणावर खनिज तेलाइतका खोल परिणाम करणारी दुसरी वस्तू क्वचितच आढळेल. युद्धे, तह, सत्तांतरे आणि राष्ट्रांच्या अंतर्गत अर्थकारणातील चढउतार या सर्वांशी तेलाचा संबंध राहिला आहे. १९७३ च्या तेलसंकटाने आयातदार राष्ट्रांना एका मूलभूत प्रश्नासमोर उभे केले. ज्या इंधनावर संपूर्ण वाहतूक व उद्योगव्यवस्था उभी आहे, त्याचा पुरवठा परकीय सत्ताधीशांच्या निर्णयावर अवलंबून असेल तर राष्ट्राच्या स्वातंत्र्याला अर्थ काय? या प्रश्नाचे उत्तर म्हणून अनेक राष्ट्रांनी पर्यायी इंधनाचा मार्ग चोखाळला.

प्रस्तुत निबंधात अमेरिका, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका या तीन राष्ट्रांच्या प्रयत्नांचा तुलनात्मक विचार केला आहे. तिन्ही राष्ट्रांपुढील संकट एकच होते, परंतु परिणाम वेगवेगळे झाले. सर्वाधिक भांडवल व तंत्रज्ञान असलेल्या अमेरिकेचे प्रयत्न बव्हंशी अर्ध्यावर थांबले. ब्राझील व दक्षिण आफ्रिका या तुलनेने दुर्बल राष्ट्रांनी मात्र पर्यायी इंधन प्रत्यक्षात आणले. असे का घडले आणि या यशाची किंमत कोणी मोजली, या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्रितपणे शोधल्याशिवाय या इतिहासाचे योग्य आकलन होत नाही.

तेलसंकटाची पार्श्वभूमी

सप्टेंबर १९६० मध्ये इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया व व्हेनेझुएला या पाच राष्ट्रांनी बगदाद येथे तेल निर्यातदार राष्ट्रांची संघटना, म्हणजेच ओपेक, स्थापन केली. त्या काळी तेलाचे दर ठरवण्याचा अधिकार प्रामुख्याने पाश्चात्त्य तेल कंपन्यांकडे होता. पहिल्या दशकात संघटनेचा प्रभाव मर्यादित राहिला. कारण अमेरिकेकडे गरज पडल्यास वाढवता येईल इतकी अतिरिक्त उत्पादनक्षमता होती. १९७० मध्ये अमेरिकेचे उत्पादन त्या काळातील उच्चांकावर पोहोचले व त्यानंतर घटू लागले. १९७२ मध्ये टेक्सास राज्यातील तेलविहिरींच्या उत्पादनावरील मर्यादाही उठवण्यात आल्या. याचा अर्थ असा की, टंचाईच्या वेळी वापरण्याजोगा साठा अमेरिकेच्या हाती उरला नव्हता. तेलाचे राजकीय सामर्थ्य पर्शियन आखाताकडे सरकले होते. ते प्रकट होण्यासाठी केवळ निमित्त हवे होते.

हे निमित्त ६ ऑक्टोबर १९७३ रोजी सुरू झालेल्या अरब-इस्रायल युद्धाने पुरवले. १६ ऑक्टोबरला आखाती तेल उत्पादक राष्ट्रांनी कुवेत येथील बैठकीत तेलाचा दर सुमारे ७० टक्क्यांनी वाढवला. दुसऱ्याच दिवशी अरब राष्ट्रांनी उत्पादनात दरमहा ५ टक्के कपात करण्याचे ठरवले. १९ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी इस्रायलसाठी २२० कोटी डॉलरच्या मदतीचा प्रस्ताव मांडला. त्यानंतर सौदी अरेबियाचे राजे फैजल यांनी अमेरिकेला होणारा तेलपुरवठा रोखला. नोव्हेंबरमध्ये अरब राष्ट्रांनी दक्षिण आफ्रिकेलाही या बंदीच्या कक्षेत आणले.

या घटनाक्रमातील एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. इराण अरब राष्ट्र नसल्यामुळे या बंदीत सामील झाले नाही. परंतु डिसेंबर १९७३ मधील तेहरान बैठकीत दरवाढीचा सर्वाधिक आग्रह इराणचे शहा मोहम्मद रझा पहलवी यांनीच धरला. १ जानेवारी १९७४ पासून तेलाचा जाहीर दर प्रति बॅरल ११.६५ डॉलर झाला. तीन महिन्यांपूर्वी तो सुमारे ३ डॉलर होता. बंदी मार्च १९७४ मध्ये उठली, परंतु दर खाली आले नाहीत. अमेरिकेचा मित्र मानल्या जाणाऱ्या शहांनी लादलेली दरवाढ ही शत्रूंनी घातलेल्या बंदीपेक्षा अधिक टिकाऊ ठरली.

अमेरिका : घोषणा आणि माघार

७ नोव्हेंबर १९७३ रोजी निक्सन यांनी 'प्रोजेक्ट इंडिपेन्डन्स' ही योजना जाहीर केली. १९८० पर्यंत ऊर्जेच्या बाबतीत स्वयंपूर्ण होण्याचे उद्दिष्ट त्यांनी राष्ट्रापुढे ठेवले. वाहनांची वेगमर्यादा ताशी ५५ मैल करण्यात आली. निक्सन यांच्यानंतर जेराल्ड फोर्ड यांच्या कारकिर्दीत, डिसेंबर १९७५ मध्ये झालेल्या कायद्याने राखीव तेलसाठा उभारण्याची आणि मोटारींच्या इंधनक्षमतेचे किमान निकष ठरवण्याची तरतूद केली. या दोन्ही तरतुदी पुढे दीर्घकाळ टिकल्या. तथापि त्यांनी तेलाची बचत साधली. तेलाला पर्याय निर्माण करणे त्यांच्या कक्षेत नव्हते.

पर्यायी इंधनाचा सर्वांत व्यापक प्रयत्न जिमी कार्टर यांच्या काळात झाला. ऑगस्ट १९७७ मध्ये स्वतंत्र ऊर्जा खाते निर्माण झाले. १९७८ च्या कायद्याने १० टक्के अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलला संघराज्याच्या इंधनकरातून सूट दिली. २० जून १९७९ रोजी व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारी ३२ सौरपटले बसवण्यात आली. त्याच वेळी इ. स. २००० पर्यंत देशाच्या ऊर्जेपैकी २० टक्के ऊर्जा सौर व तत्सम स्रोतांतून मिळवण्याचे उद्दिष्ट कार्टर यांनी जाहीर केले. ३० जून १९८० रोजी संमत झालेल्या कायद्यान्वये कृत्रिम इंधन महामंडळ स्थापन झाले. कोळसा व तेलयुक्त शेल खडक यांपासून १९८७ पर्यंत दररोज ५ लाख बॅरल आणि १९९२ पर्यंत २० लाख बॅरल इंधन निर्माण करण्याची ही योजना होती.

या सर्व योजनांचे गणित एका गृहीतकावर आधारलेले होते. तेलाचे दर चढेच राहतील, असे सर्वांनी धरून चालले होते. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर दर ३० डॉलरच्या वर गेल्यामुळे हे गृहीतक सिद्धच झाले आहे, असे वाटू लागले. प्रत्यक्षात चढ्या दरांमुळे मागणी घटली आणि उत्तर समुद्र, अलास्का व मेक्सिको येथील नवे तेल बाजारात आले. २ मे १९८२ रोजी एक्झॉन कंपनीने कोलोरॅडोतील शेल प्रकल्प बंद केल्याचे जाहीर केले आणि दोन हजारांहून अधिक कामगारांचा रोजगार एका दिवसात गेला. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या प्रशासनाचा बाजारपेठेवर विश्वास होता. १९८६ मध्ये तेलाचे दर १० डॉलरच्या आसपास घसरले. त्याच वर्षी कृत्रिम इंधन महामंडळ गुंडाळण्यात आले. छपराच्या दुरुस्तीसाठी उतरवलेली सौरपटलेही पुन्हा बसवली गेली नाहीत.

या पडझडीत एक अपवाद टिकून राहिला. मक्यापासून बनणाऱ्या अल्कोहोलला मिळालेली करसवलत रद्द झाली नाही. मका पिकवणाऱ्या राज्यांतील शेतकरी, प्रक्रिया उद्योग व त्यांचे लोकप्रतिनिधी यांचे हितसंबंध तिच्याशी जोडले गेले होते. २००५ व २००७ च्या कायद्यांनी जैवइंधनाचे मिश्रण बंधनकारक केले, तेव्हा त्याचा पाया १९७८ च्या या सवलतीने घातलेला होता. सौरपटलांच्या पाठीशी असा संघटित उत्पादकवर्ग नव्हता.

ब्राझील : ऊस, लष्करी राजवट आणि अल्कोहोल

१९७३ मध्ये ब्राझील आपल्या गरजेपैकी सुमारे ८० टक्के तेल आयात करत होता. १९६४ पासून सत्तेवर असलेल्या लष्करी राजवटीने वेगवान आर्थिक वाढीच्या बळावर आपले समर्थन मिळवले होते. महागड्या तेलामुळे ही वाढच धोक्यात आली. मार्च १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले जनरल एर्नेस्तो गायझेल यापूर्वी पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीचे अध्यक्ष होते. त्यामुळे तेलाच्या प्रश्नाची त्यांना जवळून जाण होती.

गायझेल यांनी एकाच उपायावर भिस्त ठेवली नाही. जून १९७५ मध्ये पश्चिम जर्मनीशी अणुऊर्जेचा करार झाला. परराष्ट्र धोरणात अरब राष्ट्रांशी जवळीक साधण्यात आली. १० नोव्हेंबर १९७५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत झायोनवादाला वंशवाद ठरवणाऱ्या ठरावाच्या बाजूने ब्राझीलने मत दिले. त्यानंतर चारच दिवसांनी, १४ नोव्हेंबर १९७५ रोजी, 'प्रोआल्कूल' हा राष्ट्रीय अल्कोहोल कार्यक्रम अध्यादेशाद्वारे सुरू झाला. तेल विकणाऱ्यांशी सलोखा आणि तेलाला पर्याय या दोन्ही दिशांनी एकाच वेळी पावले टाकली जात होती.

या कार्यक्रमाचे मूळ केवळ तेलसंकटात नव्हते. १९७४ च्या अखेरीस जागतिक बाजारात साखरेचे दर विक्रमी पातळीवर पोहोचले आणि नंतर वेगाने कोसळले. गाळपक्षमता वाढवून बसलेल्या कारखानदारांना उसासाठी नवी बाजारपेठ हवी होती. ब्राझीलमध्ये पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याची तरतूद १९३१ पासूनच होती आणि साखर व अल्कोहोल यांचे नियमन करणारी सरकारी संस्था १९३३ पासून कार्यरत होती. म्हणजेच कच्चा माल, कारखाने व नियमनाची चौकट हे सर्व आधीपासून उपलब्ध होते. तेलसंकटाने त्यांना एकत्र आणले.

कार्यक्रमाचा पहिला टप्पा पेट्रोलमध्ये निर्जल अल्कोहोल मिसळण्याचा होता. १९७९ मध्ये, नवे राष्ट्राध्यक्ष जनरल जोआओ फिगेरेदो यांच्या काळात, केवळ अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारींचा दुसरा टप्पा सुरू झाला. सरकारने आसवनी प्रकल्पांना अल्प व्याजाने कर्जे दिली, अल्कोहोल खरेदीची हमी घेतली आणि पंपावरील त्याचा दर पेट्रोलपेक्षा बराच कमी राहील अशी व्यवस्था केली. कार्यक्रमाच्या आरंभी वर्षाला ६० कोटी लिटरच्या आसपास असलेले उत्पादन १९८६-८७ च्या हंगामात १,२०० कोटी लिटरच्या घरात पोहोचले. १९८० च्या दशकाच्या मध्यास विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी ९० टक्क्यांहून अधिक मोटारी अल्कोहोलवर चालणाऱ्या होत्या.

या यशाची दुसरी बाजू उसाच्या फडात दिसत होती. एक लिटर अल्कोहोल तयार होताना १० ते १५ लिटर सांडपाणी निर्माण होई आणि आरंभीच्या काळात ते मोठ्या प्रमाणावर नद्यांत सोडले जाई. उसाखालील जमीन मोठ्या मालकांच्या हाती एकवटत गेली. लहान खंडकरी हंगामी मजूर बनले. मे १९८४ मध्ये साओ पावलो राज्यातील ग्वारिबा येथे ऊसतोड कामगारांचा संप झाला. प्रत्येक कामगाराने एका वेळी पाच ऐवजी सात सऱ्यांचा ऊस तोडावा, या कारखान्यांच्या नव्या पद्धतीविरुद्ध हा संप होता. मजुरी उसाच्या वजनावर मिळत असल्याने रुंद पट्ट्यातून ऊस वाहून एकत्र रचण्याचे श्रम वाढत आणि दिवसाची कमाई घटत होती. पोलिसांच्या कारवाईत एकाचा मृत्यू झाला. त्यानंतर झालेल्या समझोत्यात पाच सऱ्यांची पद्धत पुन्हा स्वीकारण्यात आली. स्वस्त अल्कोहोलच्या हिशेबात ऊसतोडीची मजुरी किती खाली दाबली गेली होती, हे या संपाने उघड केले.

१९८६ नंतर तेल स्वस्त झाले, ब्राझील परकीय कर्जाच्या ओझ्याखाली आला आणि सरकारी अर्थसाहाय्य आटले. पुढे साखरेचे जागतिक दर वाढताच कारखान्यांना साखर तयार करणे अधिक फायद्याचे वाटू लागले. १९८९ मध्ये पंपांवर अल्कोहोलसाठी रांगा लागल्या व टंचाई भागवण्यासाठी मिथेनॉल आयात करावे लागले. ग्राहकांचा विश्वास उडाला. १९९७ मध्ये नव्या अल्कोहोल मोटारींचा वाटा एका टक्क्याहूनही कमी होता. २००३ मध्ये पेट्रोल व अल्कोहोल कोणत्याही प्रमाणात वापरू शकणारी 'फ्लेक्स' मोटार बाजारात आली, तेव्हा अल्कोहोलचे पुनरुज्जीवन झाले. आता कोणते इंधन भरावे हा निर्णय पंपावर उभ्या असलेल्या ग्राहकाकडे आला होता.

दक्षिण आफ्रिका : कोळशापासून तेल

दक्षिण आफ्रिकेत कोळसा विपुल होता, खनिज तेल जवळजवळ नव्हते. १९५० मध्ये स्थापन झालेल्या 'सासोल' या सरकारी कंपनीने १९५५ पासून कोळशापासून इंधन निर्माण करण्यास आरंभ केला. यासाठी फिशर व ट्रॉप्श या शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात जर्मनीत विकसित केलेली प्रक्रिया वापरण्यात आली. कोळशाचे प्रथम वायूत रूपांतर करून त्यापासून द्रव इंधन तयार केले जाते. दुसऱ्या महायुद्धात तेलाची टंचाई असलेल्या नाझी जर्मनीनेही हा मार्ग अवलंबिला होता.

अरब राष्ट्रांच्या बंदीनंतर दक्षिण आफ्रिकेला आधार मिळाला तो इराणचा. शहांचे वडील रझा शहा यांचा १९४४ मध्ये निर्वासित अवस्थेत जोहान्सबर्ग येथे मृत्यू झाला होता. मात्र दोन्ही राष्ट्रांतील संबंधांचा खरा पाया व्यावसायिक होता. सासोलबर्ग येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात इराणच्या सरकारी तेल कंपनीची भागीदारी होती. तरीही एका राजावर विसंबण्यातील धोका पंतप्रधान बी. जे. फोर्स्टर यांच्या सरकारने ओळखला व डिसेंबर १९७४ मध्ये दुसरा सासोल प्रकल्प जाहीर केला. त्यासाठी पूर्व ट्रान्सवालमध्ये सेकुंडा हे नवे नगर वसवण्यात आले. जानेवारी १९७९ मध्ये शहांनी देश सोडला आणि आयातुल्ला खोमेनी यांच्या राजवटीने दक्षिण आफ्रिकेचा तेलपुरवठा तोडला. तोपर्यंत दक्षिण आफ्रिकेच्या आयातीपैकी सुमारे ९० टक्के तेल इराणकडून येत असे. लगेचच तिसरा प्रकल्पही हाती घेण्यात आला. १९८० च्या दशकाच्या आरंभी हे दोन्ही प्रकल्प उत्पादन करू लागले.

येथे पर्यायी इंधनाचा उद्देश वर्णभेदी राजवट टिकवणे हा होता. जागतिक बहिष्काराचा परिणाम बोथट करणारी ती ढाल होती. म्हणूनच जून १९८० मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र दलाने सासोलच्या कारखान्यांवर स्फोटकांनी हल्ले केले. नोव्हेंबर १९८४ मध्ये ट्रान्सवालमधील दोन दिवसांच्या काम बंद आंदोलनात भाग घेतल्याबद्दल सेकुंडा येथील सुमारे ६,००० कृष्णवर्णीय कामगारांना कामावरून काढण्यात आले. तेल स्वस्त झाल्यावर अमेरिकेचे प्रकल्प बंद पडले, सासोलला मात्र सरकारी संरक्षण मिळत राहिले. वर्णभेदी राजवट १९९४ मध्ये संपुष्टात आली, परंतु तो प्रकल्प टिकला. सेकुंडा आज जगातील हरितगृह वायूंच्या सर्वांत मोठ्या एकल उत्सर्जन केंद्रांपैकी एक मानले जाते.

तुलनात्मक विवेचन

या तीन उदाहरणांतून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब अशी की, पर्यायी इंधनाची खरी परीक्षा तेल महाग असताना होत नाही. ती तेल स्वस्त झाल्यावर होते. महागाईच्या काळात प्रत्येक नेत्याने योजना जाहीर केल्या. स्वस्ताईच्या काळात ज्या योजनेला किमतीची हमी देणारे कोणी होते, तीच तगली.

दुसरी बाब हितसंबंधांची आहे. ब्राझीलमधील साखर कारखानदार, अमेरिकेतील मका उत्पादक आणि दक्षिण आफ्रिकेतील राज्यसंस्था स्वतः, हे सर्व आपापल्या इंधनाच्या पाठीशी उभे होते. नेत्यांच्या वैयक्तिक निष्ठेपेक्षा हा आधार अधिक निर्णायक ठरला. ऊर्जेविषयी कार्टर यांनी दाखवलेली तळमळ खरी होती, परंतु त्यांच्या पराभवानंतर सौरऊर्जेच्या कार्यक्रमाला वाली उरला नाही.

तिसरी बाब अधिक अस्वस्थ करणारी आहे. ज्या दोन राष्ट्रांत पर्यायी इंधन मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाले, त्या दोन्ही राष्ट्रांत निर्णय घेताना सामान्य नागरिकांची संमती घेण्याची आवश्यकता राज्यकर्त्यांना वाटली नव्हती. यावरून हुकूमशाहीच अशा कार्याला अनुकूल असते, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. लष्करी राजवटीत उभारलेला कार्यक्रम १९८९ मध्ये ग्राहकांचा विश्वास गमावताच कोलमडला. लोकशाही ब्राझीलमध्ये ग्राहकाला निवडीचा अधिकार मिळाल्यानंतर तो पुन्हा उभा राहिला. ग्वारिबा व सेकुंडा येथील १९८४ च्या घटनांवरून असेही दिसते की, ज्यांना निर्णयात स्थान नव्हते त्यांच्यावरच खर्चाचा भार टाकला गेला होता.

महाराष्ट्राचा संदर्भ

या इतिहासाचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आहे. भारतात इंधनासाठी अल्कोहोल वापरण्याविषयीचा कायदा १९४८ मध्येच झाला होता. १९७४ मध्ये मुंबई हायचा तेलसाठा सापडल्यानंतर देशाचे लक्ष समुद्रातील तेलाकडे वळले. जानेवारी २००३ मध्ये पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम नऊ राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्राचा समावेश होता. २०१८ च्या धोरणानंतर मळीबरोबरच उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यास चालना मिळाली आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले.

दरम्यान डिसेंबर २०२३ मध्ये ऊस कमी पडण्याच्या शक्यतेने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्र सरकारने निर्बंध घातले. ते ऑगस्ट २०२४ मध्ये मागे घेण्यात आले. साखर की इंधन, हा ब्राझीलला १९८९ मध्ये पडलेला पेच महाराष्ट्रातील कारखान्यांनी या निमित्ताने अनुभवला. दुष्काळी भागातील उसाचे पाणी आणि ऊसतोड कामगारांची मजुरी हे प्रश्न तर येथे इथेनॉलच्या आधीपासूनच आहेत. इथेनॉलच्या खरेदी दराची चर्चा होताना कारखाना व शेतकरी यांचा विचार होतो. बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातून कोयता घेऊन निघणाऱ्या कुटुंबाचा त्या दरात किती वाटा आहे, हेही त्याच चर्चेत तपासले जाणे आवश्यक आहे.

समारोप

१९७३ नंतर पर्यायी इंधनाचा शोध परकीय सत्ताधीशांच्या धाकातून सुरू झाला. राजे फैजल, शहा व खोमेनी यांच्या निर्णयांनी आयातदार राष्ट्रांना हालचाल करण्यास भाग पाडले. पुढे काय टिकले, हे मात्र त्या त्या राष्ट्रातील हितसंबंधांची जुळणी, किमतीची हमी आणि लोकांचा विश्वास यांवर ठरले. तेलावरील अवलंबित्व कमी करणे हे उद्दिष्ट योग्यच होते व आजही आहे. परंतु परकीय अवलंबित्वातून मुक्त होताना देशातीलच दुर्बल घटकांवर भार टाकला जात असेल, तर त्या स्वयंपूर्णतेचा लाभ सर्वांना मिळत नाही. पर्यायी इंधनाच्या कोणत्याही धोरणाचे मूल्यमापन करताना वाचलेल्या परकीय चलनाबरोबरच या भाराचाही हिशेब मांडला गेला पाहिजे, हाच या तिन्ही राष्ट्रांच्या अनुभवातून निघणारा मुख्य निष्कर्ष होय.